छोट्या लेखकांना वाचक कोण देणार?

महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतल्या तंत्रज्ञानाची चर्चा गेली बारा-पंधरा वर्षं साधनांभोवतीच फिरते आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून नावारूपाला आली आणि गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब, मोठे पडदे शाळेत येऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि या लाटेला सरकारी पाठबळ मिळालं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते छापले जाऊ लागले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. या सगळ्यामागे श्रम होते, कल्पकता होती, पट घसरत चाललेल्या जिल्हा परिषद शाळांकडे पालकांना पुन्हा वळवण्याची कळकळही होती. मात्र शाळा किती डिजिटल झाल्या हे मोजताना एक प्रश्न मागे पडला. पहिली ते चौथीतलं मूल त्या यंत्रापुढे बसून नेमकं काय करतं? बहुतेक वेळा ते पाहतं, ऐकतं, कवितेच्या चालीवर टाळ्या वाजवतं, चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवतं. आपल्या मनातलं काही मांडून ते दुसऱ्या कुणापर्यंत पोचवतं, असं क्वचितच घडतं. लहान मुलांच्या वर्गात तंत्रज्ञान असावं की नसावं, या वादाचा निकाल माझ्या मते याच जागी लागतो. मुलाच्या स्वतःच्या शब्दांना खरा वाचक मिळवून देणारं यंत्र वर्गात आपली जागा कमावतं. असा वापर कसा असतो, हे वर्गाच्या सामाईक ब्लॉगसारख्या साध्या आणि आता काहीशा जुन्या वाटणाऱ्या गोष्टीत सर्वांत स्पष्ट दिसतं.

शाळेला यंत्रांनी दिलेली आश्वासनं शंभर वर्षांहून जुनी आहेत. शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि चित्रपटच सारं शिकवतील, असं भाकीत थॉमस एडिसननं १९१३ मध्ये केलं होतं. अमेरिकी शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये ‘टीचर्स अँड मशीन्स’ या पुस्तकात चित्रपट, रेडिओ आणि टीव्ही यांच्या शाळाप्रवेशाचा माग काढला, तेव्हा प्रत्येक वेळी तोच क्रम दिसला: आधी गाजावाजा, मग खरेदी, मग तुरळक वापर आणि शेवटी त्याचं खापर शिक्षकांच्या माथी. आपल्याकडे १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह-प्रयोगात सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही पोचले आणि सकाळच्या वेळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम दाखवले गेले. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. तिनं मराठीत मुलांसाठी उत्तम कार्यक्रम केले आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. या प्रयोगांना अपयशी म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्यांच्यात एक गोष्ट समान होती. बोलणारा लांब कुठेतरी होता आणि मूल ऐकणारं होतं. पडद्याचा आकार आणि रंग बदलले, मुलाची जागा बदलली नाही.

संगणक आल्यावर ती बदलेल असं वाटलं होतं, आणि ती आशा फोल नव्हती. निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, ती मुलानं स्वतः काही घडवावं या भूमिकेतूनच. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्ये ती योजना नाकारली, तरी तिचा भारतातला पहिला छोटा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाला. ही योजना सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली ती पेरू देशानं. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून अभ्यास झाला. सुमारे सव्वा वर्षानंतर लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतल्या मुलांच्या भाषा-गणितात फरक आढळला नाही. लॅपटॉप भरपूर वापरले गेले होते, पण वर्गात शिकवण्याची रीत होती तशीच राहिली होती. आपल्या शेजारच्या गुजरातेतले दोन अभ्यास तर आपण पाठ करून ठेवावेत इतके बोलके आहेत. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेनं चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं असे, गणिताचे खेळ दिले. दुसऱ्या वर्षाअखेर गणितात ०.४७ प्रमाण विचलन इतकी वाढ दिसली, जी शिक्षणातल्या प्रयोगांत मोठी मानली जाते. भाषेत मात्र काहीच फरक पडला नाही आणि गणितातला फायदाही वर्षभरानंतर बराचसा विरला. त्याच संशोधकांनी मुंबईत आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’चा प्रयोग अभ्यासला होता. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच एका शिकलेल्या तरुणीनं रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायचं, इतकाच तो उपक्रम. त्याचा परिणाम गणितात संगणकापेक्षा कमी निघाला, पण त्याला लागलेला पैसा इतका कमी होता की रुपयामागे मिळणारा लाभ बालसखीचाच जास्त ठरला.

दुसरा अभ्यास ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांतला, दुसरी-तिसरीच्या मुलांवरचा. तिथे शिक्षिकेचा नेहमीचा तास कमी करून त्या जागी संगणक दिला तेव्हा मुलं ठळकपणे मागे पडली. तोच संगणक, तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेनंतर जादा म्हणून दिला तेव्हा ती थोडी पुढे गेली. यंत्र तेच असूनही निकाल उलटा लागला, कारण पहिल्या वेळी त्यानं चांगल्या शिक्षिकेचा वेळ खाल्ला होता. लहान वयात हा मुद्दा अधिकच तीव्र होतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला वर्गात मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याचं ऐकून घेणारा आणि त्याच्याशी बोलणारा मोठा माणूस. पडद्यावरच्या गोष्टींबद्दलचं संशोधनही हेच सुचवतं. एक ते आठ वर्षांच्या मुलांवरच्या ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये निघाला. छापील पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर नेलं तर मुलांना गोष्ट छापील पुस्तकातूनच जास्त कळते. गोष्ट उलगडायला मदत करणारी भर पडद्यावर असेल तर पडदा सरस ठरतो. गोष्टीशी नातं नसलेले खेळ आणि चमकणारी चित्रं यांनी आकलन घसरतं, हे त्याआधीच्या आढाव्यांतही दिसलं होतं. २०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारनं पूर्वप्राथमिक वर्गांतली डिजिटल साधनांची सक्ती मागे घ्यायचं ठरवलं आणि छापील पुस्तकांसाठी जादा पैसा दिला, त्यामागे अशीच काळजी होती.

इथवरचा पुरावा वाचून ‘मग यंत्र नकोच’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तो समजण्यासारखा आहे. पण हे सारे प्रयोग मुलाला काही देण्याचे, दाखवण्याचे, सराव करून घेण्याचे होते. मुलाकडून काही घेण्याचा प्रयोग त्यांत जवळजवळ नव्हता. आणि आपल्या वर्गांची खरी दुखरी जागा तीच आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये, मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत माग ठेवणारा एक दीर्घ अभ्यास गेल्या दशकात झाला. त्याचा २०१७ मधला अहवाल प्रत्येक शिक्षकानं आणि अधिकाऱ्यानं वाचावा असा आहे. वर्गात लेखन म्हणजे बहुतांशी नक्कल असते, फळ्यावरचं वहीत आणि पुस्तकातलं वहीत, हे त्यात स्पष्ट दिसतं. आधी अक्षरं, मग जोडाक्षरं, मग शब्द, मग वाक्य. मनातलं लिहिण्याची पाळी या पायऱ्या संपल्यावर येणार, आणि अनेक मुलांच्या बाबतीत ती येतच नाही. पुढच्या इयत्तांत निबंध येतो तोसुद्धा बहुधा गाइडमधून पाठ केलेला. जे थोडंफार लिहिलं जातं त्याचा वाचक एकच असतो, शिक्षक, आणि त्याच्या हातात लाल पेन असतं. त्या वाचकाला मजकुरातून नवं काही समजून घ्यायचं नसतं, ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं असतं. मोठ्या लेखकांनाही असा एकच वाचक आयुष्यभर दिला तर त्यांनी लिहिणं सोडून दिलं असतं. सात वर्षांच्या मुलाकडून आपण त्यातून भाषेची गोडी लागण्याची अपेक्षा करतो.

याच दुखण्यावर शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेडेगावच्या शिक्षकानं यंत्रच आणून इलाज केला होता. सेलेस्तँ फ्रेने पहिल्या महायुद्धात जखमी झाले, त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली, तासभर मोठ्यानं बोलत राहणं त्यांना जमेना. बार-सूर-लू या गावच्या प्राथमिक शाळेत १९२४ मध्ये त्यांनी एक छोटा हातछपाईचा यंत्रसंच आणला. मुलं गावात हिंडून येत, पाहिलेलं सांगत, लिहीत. वर्ग मिळून त्यातला एक मजकूर निवडे, सगळ्यांच्या चर्चेतून तो नीट करी आणि मुलंच खिळे जुळवून छापत. १९२६ मध्ये ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगाँक इथल्या रने दानिएल यांच्या वर्गाशी पत्रव्यवहार सुरू झाला. डोंगरातल्या मुलांचे छापील कागद समुद्रकाठच्या मुलांकडे जायचे आणि तिकडचे इकडे. पुढच्याच वर्षी अनेक शाळांतल्या मुलांचं लेखन एकत्र करणारं ‘ला जेर्ब’ हे मासिक निघालं. फ्रेनेंच्या पद्धतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दूरच्या वर्गाची उपस्थिती. ज्यानं आपला डोंगर पाहिलेला नाही त्याला तो समजावून सांगायचा तर शब्द निवडावे लागतात, क्रम लावावा लागतो, ‘तिकडे’ म्हणजे कुठे ते लिहावं लागतं. व्याकरणाचा तास ज्याची सक्ती करतो, त्याची गरज इथे मुलाला आतून भासते. वर्गाचा ब्लॉग ही या छपाईयंत्राची थेट वारसदार गोष्ट आहे. खिळ्यांची जागा पडद्यानं घेतली आणि टपालाची जागा इंटरनेटनं. फ्रेनेंच्या पद्धतीला जे लागत होतं, म्हणजे मुलांचा स्वतःचा अनुभव, सामूहिक संपादन आणि उत्तर देणारा दूरचा वर्ग, ते ब्लॉगलाही लागतं. त्यातलं एखादं गाळलं की उरतो तो शाळेचा जाहिरात-फलक.

ब्लॉगवरचा थेट पुरावा पेरूच्या अभ्यासाइतका भक्कम नाही, हे आधीच मान्य करायला हवं. तरी तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या पूर्व भागातल्या पॉइंट इंग्लंड शाळेपासून पसरलेल्या ‘मानाइआकालानी’ या शाळासमूहात बहुसंख्य मुलं माओरी आणि पॅसिफिक बेटांतून आलेल्या गरीब कुटुंबांतली आहेत. तिथे पालकांनी आठवड्याच्या छोट्या हप्त्यांवर मुलांसाठी साधे लॅपटॉप घेतले, आणि शिका, घडवा, दाखवा या क्रमात प्रत्येक मुलाचा ब्लॉग रोजच्या अभ्यासाचा भाग झाला. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांना या शाळांत लेखनाची प्रगती देशाच्या सरासरीपेक्षा वेगानं झालेली दिसली, वाचन आणि गणितात मात्र तशी झेप नव्हती. उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत मुलांचं लेखन मागे पडतं, ही तिथली जुनी तक्रार. सुट्टीतही ब्लॉग लिहिणाऱ्या आणि त्यावर कुणीतरी नियमित प्रतिसाद देणाऱ्या मुलांची ही घसरण कमी झाली. सुट्टीत लिहिणारी मुलं मुळातच उत्साही असतील, असा आक्षेप इथे रास्त आहे, म्हणून या निष्कर्षावर सगळा भार टाकता येणार नाही. पण तो दुसऱ्या एका मोठ्या आढाव्याशी जुळतो. प्राथमिक वर्गांतल्या लेखनशिक्षणावरच्या प्रयोगांचा स्टीव्ह ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एकत्रित अभ्यास केला. संगणकावर लिहू देण्याचा परिणाम ०.४७ निघाला, आणि मुलांनी एकमेकांना लिहायला मदत करण्याचा ०.८९. यंत्रापेक्षा शेजारी बसून वाचणारा आणि विचारणारा मित्र जवळजवळ दुप्पट उपयोगी पडतो. न्यूझीलंडच्या शाळांना लॅपटॉपपेक्षा प्रतिसाद देणाऱ्या माणसांनी जास्त दिलं असावं, असं मला यावरून वाटतं.

आपल्याकडे ब्लॉग आले होते आणि मोठ्या संख्येनं आले होते. साधारण २०१३ नंतर जिल्हा परिषदेच्या शेकडो शिक्षकांनी मराठीत ब्लॉग काढले. त्यांवर शासन निर्णय, चाचण्या, वर्णनात्मक नोंदींचे नमुने, कवितांच्या चाली, अॅप बनवण्याच्या कृती असं सगळं मिळायचं. गावात पुस्तकांचं दुकान नसलेल्या शिक्षकाला त्याचा मोठा आधार झाला आणि मराठी युनिकोडचा प्रसार करण्यातही या मंडळींचा वाटा आहे. त्यांत मुलांचं लिहिणं मात्र फार थोडं होतं. मुलं यायची ती फोटोत, स्नेहसंमेलनात, सहलीत, ओळीत उभी. शिक्षकांमागे लागलेली पुराव्याची मागणी याला बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. प्रत्येक उपक्रमाचा फोटो वर पाठवायचा, गटावर टाकायचा, पोर्टलवर चढवायचा. २०१६ मध्ये तर विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ती ‘सरल’ प्रणालीवर टाकण्याचा आदेश निघाला होता, आणि शिक्षकांच्या विरोधामुळे तो बाजूला ठेवावा लागला. वरिष्ठांना दाखवण्यासाठी केलेलं काम आणि मुलाला वाचक मिळावा म्हणून केलेलं काम एकाच मोबाइलवर होतं, म्हणून ती दोन्ही एकच समजली गेली.

लहान मुलांच्या वर्गाचा ब्लॉग कसा असू शकतो हे थोडं तपशिलात पाहू, कारण बहुतेक आक्षेपांची उत्तरं त्या तपशिलातच आहेत. पहिली-दुसरीत मुलं सांगतात आणि शिक्षक त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहितात. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांच्या तोंडचे, त्यांना भिडलेले शब्द घेऊन वाचन शिकवलं, ती हीच वाट. आठवड्यातून एक मजकूर वर्ग निवडतो. मूल तो आपल्या हातानं वहीत लिहितं, शेजारी चित्र काढतं, आणि त्या पानाचा फोटो शिक्षक आपल्या मोबाइलवरून चढवतात. ज्याला अजून लिहिता येत नाही ते मूल बोलतं आणि त्याचा आवाज ध्वनिमुद्रित होतो. वारली, गोंडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलासाठी ही सोय फार मोठी आहे. पाठ्यपुस्तकाची मराठी हाती येईपर्यंत त्याला गप्प बसावं लागत नाही. घरच्या भाषेतली गोष्ट आधी आवाजात येते आणि मग वर्ग मिळून ती दोन्ही भाषांत उतरवतो. दुसऱ्या शाळेतला वर्ग ते पाहतो, ऐकतो, प्रश्न विचारतो, आणि पुढच्या आठवड्याचं लिहिणं त्या प्रश्नातून सुरू होतं.

सर्वांत वजनदार आक्षेप हस्ताक्षराचा. हातानं अक्षर गिरवताना मेंदू जे शिकतो ते कळ दाबून शिकत नाही, हे आता बऱ्यापैकी सिद्ध आहे. फ्रान्समध्ये २००५ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात हातानं लिहायला शिकलेल्या, त्यातल्या थोड्या मोठ्या मुलांना अक्षरं जास्त नीट ओळखू आली. २०१२ मध्ये पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या अभ्यासानंही तेच दाखवलं. ते संशोधन रोमन लिपीवरचं आहे, पण आपल्या लिपीला ते अधिकच लागू पडावं. व्यंजन, काना-मात्रा, जोडाक्षरं यांच्या जोडण्यांची संख्या काही शेकड्यांत जाते, आणि कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या कामातून दिसतं की हा साठा पक्का व्हायला चौथीपर्यंतचा काळ लागतो. त्यात मराठी टंकलेखनाची वेगळीच अडचण. इन्स्क्रिप्ट कळफलक तर्कशुद्ध आहे, स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे, पण तो लहान मुलांना कुणी शिकवत नाही. सर्रास वापरात आहे ती रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची पद्धत. तिच्यात मराठी लिहिण्याआधी इंग्रजी अक्षरांचे उच्चार यावे लागतात, आणि ‘वाऱ्यावर’ लिहिताना मोठी माणसंही अडखळतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. चौथीच्या आधी कळफलक नको. वर्गाच्या ब्लॉगला त्याची गरजही नाही, कारण त्यावर जायचं ते मुलाचं हस्ताक्षर. उलट, दुसऱ्या गावचं कुणी वाचणार आहे म्हटल्यावर ते पान पुन्हा नीट लिहावंसं वाटण्याचं कारण मुलाला मिळतं.

पडद्याचा वेळ हा दुसरा आक्षेप, आणि कोविडनंतर तो पालकांच्या मनात खोल बसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त तासभराची मर्यादा सुचवली. टाळेबंदीत केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पूर्वप्राथमिक मुलांसाठी अर्धा तास आणि आठवीपर्यंत पाऊण तासाची फार तर दोन सत्रं ठरवली. या मर्यादा योग्यच आहेत. पण वर सांगितलेल्या कामात मूल पडद्यापुढे किती वेळ असतं? दुसऱ्या वर्गाचं पान बघायला आणि ऐकायला लागतात तेवढी मिनिटं, तीही सगळे मिळून. बाकी सारं काम तोंडानं, हातानं, मैदानात आणि फळ्यापुढे होतं. घरी मोबाइल दिसतो तो रील पाहण्यासाठी. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या स्मार्टफोन वापरणाऱ्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्क्यांनी. त्या वयाला पोचण्याआधी हेच यंत्र विचार करून, दुसऱ्याला समजेल असं काही पाठवण्याचंही साधन आहे, हे मुलानं कुठेतरी अनुभवायला हवं. घराबाहेर ती जागा शाळेशिवाय कुठे असेल?

सुरक्षिततेचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात चूक झाली तर ती मुलाला भोगावी लागते. फ्रेनेंच्याच बाबतीत तसं घडलं. सँ-पॉल इथल्या त्यांच्या शाळेतल्या एका मुलानं आपलं स्वप्न लिहिलं, त्यात गावच्या महापौराला मारल्याचा उल्लेख होता, आणि फ्रेनेंच्या विरोधकांनी १९३२ मध्ये तोच मजकूर त्यांच्याविरुद्ध वापरला. अखेर त्यांना सरकारी शाळा सोडावी लागली. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधली नऊ वर्षांची एक मुलगी वडिलांच्या मदतीनं शाळेतल्या जेवणाचे फोटो आणि त्यांवरचं आपलं मत ब्लॉगवर लिहीत होती. वाचक लाखोंनी वाढले तसं स्थानिक परिषदेनं तिला शाळेत फोटो काढायला बंदी घातली आणि जनक्षोभानंतर दुसऱ्याच दिवशी ती उठवली. तिच्या लिहिण्यातून एका अन्नदान संस्थेला एक लाख पौंडांहून अधिक मदत मिळाली, ही चांगली बाजू. पण नऊ वर्षांच्या मुलीवर दोन दिवस जगभरच्या वार्ताहरांची नजर रोखली गेली, हेही खरं. आपल्या पोषण आहाराबद्दल कुणा मुलानं असं काही लिहिलं तर शिक्षकावर काय वेळ येईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून लहान मुलांचा ब्लॉग जगासाठी खुला नसावा. जोडीच्या शाळा आणि पालक एवढ्यांनाच तो दिसावा. आडनाव नको, चेहऱ्याचा फोटो नको, गावचा पत्ता नको. प्रतिसाद आधी शिक्षकांनी वाचावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळून घेतलेली संमती आवश्यक केली आहे आणि त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे, तेव्हा फुकट मिळणारं कुठलंही व्यासपीठ डोळे मिटून निवडता येणार नाही. शिवाय कायद्यात नसलं तरी पाळावं असं एक पथ्य आहे. आपलं पान काढून टाका असं मूल म्हणालं तर ते काढलं जावं, कारण न विचारता.

विषमतेचा मुद्दा त्या मानानं सोपा आहे, निदान या उपक्रमापुरता. २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात चालू संगणक असलेल्या शाळा ५७ टक्के आणि इंटरनेट असलेल्या सुमारे ५४ टक्के होत्या. प्रत्येक मुलाला टॅब देण्याच्या योजना या जमिनीवर उभ्या राहत नाहीत. वर्गाच्या ब्लॉगला वर्गामागे एक फोन पुरतो आणि नेटवर्क आठवड्यातून एकदा मिळालं तरी चालतं. अवघड प्रश्न शिक्षकाच्या वेळेचा आहे. पोर्टलं, अॅपं, ऑनलाइन माहिती आणि लिंक भरण्यात त्याचा दिवस आधीच जातो, त्यात आणखी एक ऑनलाइन काम सांगणं हा जुलूम ठरेल. यावर मार्ग एकच, या कामानं दुसऱ्या कामाची जागा घ्यावी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनासाठी २०१० पासून शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहीत आले आहेत, आणि त्या ब्लॉगांवरच्या नमुन्यांतून उतरवल्या जातात हे सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या मुलाची जुलैतली, नोव्हेंबरातली आणि मार्चमधली लिखाणाची पानं शेजारी ठेवली तर त्याच्या भाषेबद्दल कुठलीही उतरवलेली नोंद सांगणार नाही इतकं कळतं. भाषेच्या नोंदींऐवजी तीच पानं ग्राह्य धरली तर शिक्षकाचं ओझं कमी होईल आणि पुराव्याची मागणी प्रथमच मुलाच्या कामी येईल.

राहता राहिला मराठी शाळांच्या परंपरेतूनच येणारा आक्षेप. आपल्याकडे हस्तलिखितं आहेत, भित्तिपत्रकं आहेत, तेवढ्यानं का भागू नये? सुरुवात तिथूनच व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जी शाळा भिंतीवर मुलांचं लिहिणं लावत नाही, तिनं ते इंटरनेटवर लावून काही साधणार नाही. पण हस्तलिखिताची प्रत एकच असते, ती बहुधा संमेलनात पाहुण्यांना दाखवून कपाटात जाते, आणि भित्तिपत्रक वाचणाऱ्याला ते गाव आधीच माहीत असतं. काही वाचक भिंतीपर्यंत येऊच शकत नाहीत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले आईवडील पाच-सहा महिने फडावर असतात आणि मूल गावी हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतं. त्या आईला वाचता येत नसेल, पण मुलीनं स्वतः लिहिलेलं स्वतःच वाचून दाखवलेला दोन मिनिटांचा आवाज तिला फोनवर ऐकता येतो. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांत शनिवार-रविवारी मराठी शिकणाऱ्या मुलांची अडचण वेगळी, पण नातं जवळचं. त्यांच्या मराठीला आजी-आजोबांपलीकडे समवयस्क वाचक नाही. तिथली आणि इथली तिसरी जोडली गेली तर दोन्हीकडे समजावून सांगण्यासारखं पुष्कळ निघेल.

दूरचा वाचक मिळाला की त्याच्या उत्तराचा दर्जा पाहावा लागतो. ‘छान’, ‘खूप सुंदर’ आणि अंगठ्याची चित्रं मुलाला पुढे नेत नाहीत, शाबासकीची चटक तेवढी लावतात. विहिरीबद्दल लिहिलेल्या मुलाला विहीर किती खोल आहे, पाणी कोण काढतं, उन्हाळ्यात काय होतं असं कुणी विचारलं तर ते पुन्हा विहिरीवर जातं. असा एक प्रश्न लिहायला शिकणं हाही भाषेचाच अभ्यास आहे आणि तो वाचणाऱ्या वर्गाला करावा लागतो. केंद्रप्रमुखांनी दोन-दोन वर्गांच्या जोड्या लावून द्याव्यात, शक्यतो एक घाटावरचा आणि एक कोकणातला, किंवा एक शहरातला आणि एक पाड्यावरचा. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत उपक्रमांचे फोटो पाहण्याऐवजी अर्धा तास मुलांची ती पानं आणि त्यांना आलेले प्रश्न मोठ्यानं वाचले जावेत. यासाठी नवी खरेदी लागत नाही आणि जिल्ह्याच्या पातळीवर ते या जूनपासूनही सुरू करता येईल.